काटा, प्रिंटर, रोल: स्वतंत्र विक्रीचं काम मन लागेल असं कसं बांधायचं

किराणा, बेकरी, मिठाई, ड्रायफ्रूट, हार्डवेअर, मेडिकल. अशा लहान दुकानांना इलेक्ट्रॉनिक काटा, बिलिंगचा प्रिंटर, बारकोडची लेबलं आणि थर्मल रोल (उष्णतेने छपाई होणारा बिलाचा कागद) विकणारा कमिशन एजंट कुणाचा नोकर नसतो. पगार नाही, हजेरी नाही, साहेब नाही. हे मार्गदर्शन अशा एजंटसाठी आहे. दुसरा माल विकणाऱ्यालाही यातलं बरंचसं लागू पडेल, पण उदाहरणं याच मालाची घेतली आहेत, कारण तपशिलाशिवाय विक्रीबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

माणसं हे काम नकारांना कंटाळून सोडतात असं समजलं जातं. नकाराची सवय पहिल्या काही महिन्यांत होऊन जाते. माणसं सोडतात ती तीन वेगळ्या कारणांनी. आपण दिलेला शब्द डीलर, म्हणजे ज्याचा माल आपण विकतो तो व्यापारी, मोडतो आणि दुकानदाराच्या नजरेत आपण पडतो. या महिन्यात घरात किती येणार ते सांगता येत नाही. आणि माल विकला गेल्यावर त्याचं पुढे काय झालं हे कधी कळतच नाही, त्यामुळे केलेलं काम आपलं वाटत नाही. १९७० च्या दशकात रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम या अमेरिकी अभ्यासकांनी कामाच्या रचनेबद्दल जी मांडणी केली, तिच्यात निर्णयाची मोकळीक, पूर्ण काम स्वतःच्या हातून होणं आणि कामाचा परिणाम थेट कळणं यांना मोठं स्थान आहे. स्वतंत्र एजंटला मोकळीक पहिल्या दिवसापासून असते. उरलेल्या दोन गोष्टी त्याला स्वतःच बांधाव्या लागतात, आणि त्या बांधायची जागा म्हणजे विक्रीनंतरची भेट.

कोणता माल घ्यायचा

एकदाच विकला जाणारा माल आणि पुन्हा पुन्हा लागणारा माल, दोन्ही पिशवीत हवेत. फक्त काटे विकले तर दर महिन्याला नवीन दुकानं शोधत फिरावं लागतं. फक्त रोल विकले तर दुकानात शिरकाव करायला वेळ लागतो. काट्याने दार उघडतं, रोलमुळे ते उघडं राहतं.

कमिशनची टक्केवारी बघून माल निवडू नका, तासाचा हिशेब करा. समजा जीएसटी वगळून १८,००० रुपयांचा काटा-प्रिंटर संच विकला आणि ८ टक्के कमिशन मिळालं, म्हणजे १,४४० रुपये. ओळख, डेमो, ऑर्डर, जोडणी आणि वसुलीच्या दोन चकरा धरून प्रवासासह साडेपाच तास गेले, पेट्रोल २०० रुपयांचं. हातात १,२४० रुपये, तासाला साधारण २२५. आता त्याच दुकानाने ३,००० रुपयांचे रोल मागवले आणि कमिशन ५ टक्केच, म्हणजे १५० रुपये. पण ते दुकान ठरलेल्या फेरीत आहे, वेळ गेला वीस मिनिटं, पेट्रोल १० रुपयांचं. तासाला पडले ४२०. टक्केवारी कमी असून तासाची कमाई जवळजवळ दुप्पट. चाळीस दुकानं दर दोन महिन्यांनी अशी ऑर्डर देत असतील तर महिन्याला वीस ऑर्डरी, ३,००० रुपये कमिशन. यावर घर चालत नाही, पण पेट्रोल आणि फोनचा खर्च परस्पर निघतो, आणि महिन्याची सुरुवात शून्यापासून होत नाही. मनावरचा भार हलका होतो तो यामुळे.

एका वेळी दोन, फार तर तीन डीलर धरा. पाच कंपन्यांचा माल घेऊन फिरणाऱ्याला एकाही मशीनचा मेनू नीट पाठ नसतो, आणि दुकानदाराने विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाला "कंपनीला विचारून सांगतो" म्हणावं लागतं.

काट्याच्या बाबतीत एक कायद्याची गोष्ट आधीच समजून घ्या. वैधमापन शास्त्र अधिनियम २००९ च्या कलम २३ नुसार वजनमापं बनवायला, विकायला आणि दुरुस्त करायला परवाना लागतो. म्हणून बिल परवानाधारक डीलरच्याच नावाने फाटलं पाहिजे, आणि काटा पासिंगचा (सरकारी वजनमाप तपासणीचा) शिक्का व प्रमाणपत्रासह दुकानात गेला पाहिजे. "शिक्का नंतर मारून देऊ" म्हणणाऱ्या डीलरचा माल घेऊ नका. तपासणीला वजनमापवाले आले की दंड दुकानदाराला होतो, आणि त्याच्या लक्षात डीलर राहत नाही, तुम्ही राहता.

कागदावर काय असलं पाहिजे

तोंडी ठरलेलं कमिशन पहिल्या दोन महिन्यांत बरोबर मिळतं. वाद सुरू होतो तो परत आलेल्या मालावरून, उशिरा आलेल्या पैशांवरून आणि तुम्ही आणलेल्या दुकानाने डीलरला परस्पर फोन केल्यावर. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम २१९ असं सांगतं की वेगळा करार नसेल तर सोपवलेलं काम पूर्ण होईपर्यंत एजंटचा मोबदला देय होत नाही. "काम पूर्ण" म्हणजे ऑर्डर, डिलिव्हरी की वसुली, हे लिहिलेलं नसेल तर डीलर त्याच्या सोयीचा अर्थ लावणार. दोन पानी करारपत्र पुरतं, पण त्यात पुढच्या गोष्टी हव्यातच:

- कमिशन कशावर: जीएसटी वगळून बिलाच्या रकमेवर, की सूट वजा करून राहिलेल्या रकमेवर.
- कमिशन कधी: आमच्या मते डिलिव्हरीवर अर्धं आणि वसुलीवर अर्धं ही दोघांनाही न्याय्य रीत आहे. पूर्ण वसुलीनंतरच असेल तर दुकानदाराला उधारी किती दिवसांची द्यायची हे ठरवण्यात तुमचाही शब्द हवा.
- पुढच्या ऑर्डरी: तुमच्या यादीतल्या दुकानाने थेट डीलरला फोन केला तरी कमिशन तुमचं. यादी दर तिमाहीला दोघांच्या सहीने नवी करा.
- सर्व्हिस: तक्रार आल्यावर किती तासांत माणूस जाईल, आणि काटा दुरुस्तीला गेला तर बदली काटा मिळेल का.
- बुडीत उधारी: दुकानदाराने पैसे बुडवले तर तुमचं फार तर त्या बिलाचं कमिशन जाईल. मुद्दलाची जबाबदारी घेऊ नका. ८ टक्के कमावणाऱ्याने १०० टक्क्यांची हमी द्यायची नसते.
- सोडताना: किमान ३० दिवसांची नोटीस, आणि नोटिशीच्या आधी घेतलेल्या सगळ्या ऑर्डरींचं कमिशन.

यातलं सर्व्हिसचं कलम बहुतेक जण विसरतात, आणि मन सर्वांत जास्त खातं ते तेच. डीलर ४८ तासांत माणूस पाठवायचं लिहून देत नसेल तर तुम्हीही दुकानदाराला "लगेच माणूस येईल" म्हणू नका. जे कागदावर आहे तेवढंच तोंडातून काढायचं. ऑर्डर थोड्या कमी येतील, पण रस्त्याने जाताना कुठल्या दुकानासमोरून मान खाली घालून जावं लागणार नाही.

बीट बांधणं

बीट म्हणजे ठरलेल्या दुकानांची ठरलेली फेरी. सुरुवातीला सगळा जिल्हा आपला वाटतो, आणि तीच चूक नडते. एका बाजारपेठेत किंवा दोन लागून असलेल्या पेठांत ८० ते १०० दुकानांची यादी करा. त्यांचे पाच भाग पाडा, एका दिवशी एक भाग, सोळा ते वीस दुकानं. प्रत्येक दुकानात बोलायचं नसतं. काही ठिकाणी रोल टाकायचे, काही ठिकाणी फक्त नमस्कार. सहावा दिवस डेमो, जोडणी आणि कागदपत्रांसाठी मोकळा ठेवा.

वेळ दुकानाप्रमाणे ठरते. सकाळी भवानी व्हायच्या आधी विक्रीचं बोलणं काढू नका. किराण्यात साडेअकरा ते एक बरं, बेकरी आणि मिठाईवाल्याकडे दुपारी तीन ते साडेचार, हार्डवेअरमध्ये सकाळची मिस्त्री मंडळींची गर्दी ओसरल्यावर. मेडिकलमध्ये संध्याकाळी जाऊच नका, तेव्हा दवाखान्यांतून चिठ्ठ्या येत असतात. पेठेचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस आणि आठवडी बाजाराचा दिवस वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आठवडी बाजाराच्या दिवशी मालक गल्ल्यावरून उठत नाही.

वर्षाचाही एक नकाशा असतो. पाडवा, अक्षय तृतीया, दसरा आणि लक्ष्मीपूजन या मुहूर्तांवर नवीन मशीन घेण्याची रीत आहे, त्यामुळे बोलणी तीन-चार आठवडे आधी व्हायला हवीत. दिवाळीच्या आदल्या दहा-बारा दिवसांत मात्र नवीन बिलिंग बसवू नका. गर्दीत नवखा हात अडखळतो, गिऱ्हाईक खोळंबतं, आणि मशीन कायमचं टेबलाखाली जातं. १ एप्रिलला नवीन आर्थिक वर्षाबरोबर बिलांची नवीन मालिका सुरू करायची असते, म्हणून मार्चचा शेवटचा आठवडा जुन्या दुकानांसाठी राखून ठेवा. ग्रामीण भागात पैसा पिकाबरोबर फिरतो. लातूरकडे सोयाबीन बाजारात आल्यावर, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, दुकानदाराच्या हातात पैसा खेळतो. तासगाव भागात द्राक्ष-बेदाण्याचा, कोकणात आंब्याचा हंगाम बघावा लागतो. जून-जुलैत पेरणीच्या दिवसांत उधारी वाढते, तेव्हा नवीन मशीनचा आग्रह धरला तर नकार ठरलेला असतो आणि त्यात तुमचा दोष नसतो. हा नकाशा भिंतीवर असला की मंदीचे दोन महिने मनाला लागत नाहीत.

दुकानात आधी बघायचं काय

दहा मिनिटं उभं राहून नुसतं बघा. माल कशात तोलला जातो, किती वजनाचा, सर्वांत लहान पुडी केवढी, बिल कोण करतं, मालक नसताना गल्ल्यावर कोण बसतं. मग विचारा, "शेठ, दिवसात सगळ्यात जास्त खोळंबा कुठे होतो?" उत्तर क्वचितच "काटा जुना झालाय" असं येतं. बहुतेक वेळा ते "संध्याकाळी हिशेब जुळत नाही" किंवा "पोरगा भाव विसरतो" असं असतं, आणि विकायचं ते त्या उत्तराला.

काटा निवडताना होणारी नेहमीची चूक म्हणजे एकच मोठा काटा सगळ्याला चालवणं. काट्याच्या पाटीवर कमाल वजन आणि 'ई', म्हणजे काटा ज्या पायरीवर तपासून प्रमाणित केलेला असतो ती ग्रॅममधली पायरी, लिहिलेली असते. दुकानात वापरतात त्या अचूकतेच्या तिसऱ्या वर्गाच्या काट्यावर किमान वजन २० ई असतं. ३० किलोच्या काट्याचा ई ५ ग्रॅम असेल तर १०० ग्रॅमच्या खालचं काहीही त्यावर तोलायचं नाही. ड्रायफ्रूटवाला त्यावर ५० ग्रॅम वेलदोडे तोलत असेल तर तो रोज नुकसान तरी करून घेतो किंवा गिऱ्हाइकाचं तरी करतो. त्याला १ ग्रॅम ई असलेला ६ किलोचा दुसरा काटा हवा, ज्यावर २० ग्रॅमपासून तोलता येतं. उलट, ५० किलोचं साखरेचं पोतं ३० किलोच्या काट्यावर टेकवणाऱ्या किराणावाल्याच्या काट्याचा लोड सेल (वजन जोखणारा आतला भाग) वाकणार म्हणजे वाकणार. त्याला १०० किंवा १५० किलोचा प्लॅटफॉर्म काटा द्या. हे गणित दुकानदाराच्या पाटीवरचेच आकडे दाखवून समजावलं तर विक्री वाटत नाही, सल्ला वाटतो. खरंच तो सल्ला असतो.

बिलिंगमध्ये दुकानदार जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (लहान व्यापाऱ्यांसाठीची सोपी योजना) आहे की नियमित करदाता, हे पहिल्याच भेटीत विचारा. कंपोझिशनवाला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेऊ शकत नाही आणि त्याला कर बीजक नव्हे, पुरवठा बिल द्यावं लागतं. सॉफ्टवेअर नेहमीच्या साच्यात बसवून दिलं तर बिलावर कर छापून येतो आणि पुढे सीए दुकानदाराला झापतो. नियमित करदात्याच्या बाबतीत आयटम मास्टरमधले, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या वस्तूंच्या यादीतले, कराचे दर तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे बरेच दर बदलले. त्यानंतर दुकानात जाऊन शंभर-दीडशे वस्तूंचे दर दुरुस्त करून देणं हे तासाभराचं काम होतं, पण दुकानदार ते विसरत नाही.

ज्याला गरज नाही त्याला नाही म्हणा. दिवसाला तीस-चाळीस बिलं करणाऱ्या आणि सगळा हिशेब तोंडपाठ असलेल्या काकांना बारकोडचा संच गळ्यात मारला तर तो महिनाभरात धूळ खातो. "काका, तुम्हाला आत्ता याची गरज नाही, फक्त काट्याचं पासिंग संपायला आलंय तेवढं बघा" असं सांगून निघालात तर त्या पेठेत तुमचं नाव तेच पसरवतात. अशा नकारात त्या दिवसाचं कमिशन जातं, पण या कामाचा अभिमान वाटायला लागतो तो इथूनच.

विक्रीनंतरची भेट

आमचा सगळ्यात मोठा आग्रह या भागावर आहे. बसवलेल्या प्रत्येक मशीनसाठी चार भेटी ठरवून टाका: तिसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी, महिन्याने, आणि वार्षिक पासिंगच्या एक महिना आधी. पहिल्या तीन भेटींत विक्रीचा शब्द काढायचा नाही. "वहिनी, आज ऑर्डर नको, मागे बसवलेला काटा बघायला आलोय", एवढंच म्हणायचं.

तिसऱ्या दिवशी सापडणाऱ्या अडचणी ठरावीक असतात. बिल कोरं येतं: रोल उलटा बसलाय. नखाने घासून काळी रेघ उमटते ती बाजू प्रिंट हेडकडे (छापणाऱ्या पट्टीकडे) हवी. छपाई फिकट येते किंवा मधेच उभी पांढरी रेघ दिसते: हेडवर पीठ, तेल किंवा चिकट धूळ. मशीन बंद करून, हेड गार झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसायचं, ब्लेडने खरवडायचं नाही. पुसूनही रेघ तिथेच राहिली तर हेडचा ठिपका जळालाय, तो बदलावा लागतो. रोल बसत नाही: दोन इंची प्रिंटरला ५७ मिलिमीटरचा आणि तीन इंचीला ७९-८० मिलिमीटरचा रोल लागतो, आणि रोलचा बाहेरचा व्यासही मापात हवा. रोल भट्टीजवळ किंवा उन्हात ठेवले की काळवंडतात, हे बेकरीत आणि मिठाईच्या दुकानात आवर्जून सांगा. जपून ठेवायचं बिल असेल तर त्याची झेरॉक्स किंवा फोटो काढायला सांगा, कारण थर्मलची अक्षरं काळाने उडतात.

काट्याचे आकडे हलतात: डोक्यावर पंखा आहे, किंवा टेबल डुगडुगतंय, किंवा पातळीचा बुडबुडा मधोमध नाही. चारही पाय फिरवून बुडबुडा वर्तुळात आणा. रिकामा काटा शून्य दाखवत नसेल तर ताटाखाली डाळ-दाणे अडकलेत का ते बघा. बॅटरी तासाभरात उतरते: आतली ६ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण रिकामी करून तशीच ठेवली गेली. दुकान बंद करताना चार्जिंग लावायची सवय पहिल्या आठवड्यातच लागली पाहिजे, पुढे नाही लागत. सील मात्र कधीही उघडू नका. दुरुस्ती परवानाधारकाकडूनच करायची आणि दुरुस्तीनंतर काट्याचं पुन्हा पासिंग करायचं, असा नियम आहे.

आठव्या दिवशी गल्ल्यावर बसणाऱ्या दुसऱ्या माणसाला शिकवा. मालकाला सगळं येतं आणि पोराला येत नाही, म्हणूनच मशीन बंद पडतात. बिल रद्द करणं, परत आलेला माल नोंदवणं आणि दिवसाचा गोषवारा छापणं, एवढी तीन कामं त्याच्याकडून तुमच्यासमोर दोनदा करून घ्या. महिन्याच्या भेटीत डेटाचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्यायला लावा आणि तो पेनड्राइव्ह दुकानात नव्हे, घरी ठेवायला सांगा.

इलेक्ट्रॉनिक काट्याचं पासिंग दर १२ महिन्यांनी करावं लागतं. सगळ्या दुकानांच्या तारखा एका वहीत महिन्याप्रमाणे लावल्या की पुढच्या वर्षभराचं काम आपोआप समोर मांडलं जातं. दुकानदाराला ही तारीख आठवत नसते. ती तुम्ही आठवण करून दिलीत की तुम्ही त्याच्यासाठी माल विकणारे राहत नाही, दुकानातलं एक काम बघणारे होता. जुना काटा बदलायचा विषय या भेटीत तोच काढतो.

वहीत प्रत्येक दुकानाला एक पान द्या. मशीनचा नंबर, बसवल्याची तारीख, कोणता रोल, शेवटची तक्रार, ती कशी मिटली. आणि एक ओळ परिणामाची: "संध्याकाळचा हिशेब पाऊण तासाचा दहा मिनिटांवर आला" किंवा "लहान काटा घेतल्यावर काजूची घट थांबली". दुकानदाराला विचारूनच लिहा, आपल्या मनाने नाही. मंदीच्या महिन्यात ही पानं चाळली की आपण काय उभं केलंय ते दिसतं, आणि नवीन दुकानात सांगायला खरी उदाहरणं मिळतात.

वसुली

पैसे मागण्याची लाज वाटते म्हणून वसुली लांबते, आणि लांबली की त्या दुकानात जायचीच टाळाटाळ सुरू होते. बीट तुटतं ते असं. म्हणून उधारीचं बोलणं ऑर्डरच्या वेळीच उरकायचं: निम्मे पैसे ऑर्डरबरोबर, उरलेले जोडणी झाल्यावर किंवा १५ दिवसांत. तारीख ऑर्डर फॉर्मवर दुकानदारासमोर लिहा. मागायला जायचं ते तारखेच्या दोन दिवस आधी, फोनवर, साध्या शब्दांत: "भाऊ, परवा पंधरा तारीख, डीलरच्या खात्यावर टाकाल ना?"

पैसे कधीही स्वतःच्या खात्यावर किंवा यूपीआयवर घेऊ नका, एक दिवसासाठीसुद्धा. डीलरचा क्यूआर कोड जवळ ठेवा. १०,००० रुपयांच्या वरची मशीनची रक्कम रोखीने दिली तर आयकरात दुकानदाराला त्या रकमेवर घसारा मिळत नाही, हे सांगितलं की बँकेतून पैसे द्यायला तो स्वतःच तयार होतो.

घरात येणारा पैसा

कमिशनच्या खात्याला हात लावायचा नाही. गेल्या बारा महिन्यांतले सर्वांत कमी कमिशनाचे तीन महिने घ्या, त्यांची सरासरी काढा आणि दर महिन्याच्या ५ तारखेला तेवढीच रक्कम घरच्या खात्यात पगार म्हणून टाका. उरलेलं कमिशनच्या खात्यात राहू द्या. चार महिन्यांच्या घरखर्चाइतकी शिल्लक साठेपर्यंत नवीन गाडी वगैरे काढू नका. पहिलं वर्ष अंदाज नसतो, म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च जमवून मगच नोकरी सोडावी.

कराचं थोडक्यात. डीलर वर्षाला २०,००० रुपयांच्या वर कमिशन देत असेल तर २ टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापतो (ऑक्टोबर २०२४ च्या आधी तो ५ टक्के होता). कापलेला कर तुमच्या पॅनवर जमा दिसतो का, हे दर तिमाहीला बघा. अनुमानित कराची, म्हणजे उलाढालीच्या ८ किंवा ६ टक्के नफा धरून कर भरण्याची, सोय कमिशनच्या उत्पन्नाला मिळत नाही, त्यामुळे पेट्रोल, फोन, गाडीची दुरुस्ती, डेमो मशीनची वाहतूक यांची बिलं जपावीच लागतात. टीडीएस वजा जाता १०,००० रुपये किंवा जास्त कर भरायचा निघत असेल तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना आगाऊ कर भरावा लागतो. महाराष्ट्रात स्वतःचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. नुसतं कमिशन कमावणाऱ्याला वर्षाला २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. पण रोल स्वतः विकत घेऊन विकायला लागलात तर विक्रीची पूर्ण रक्कम उलाढालीत धरली जाते, तेव्हा आधी सीएशी बोला.

एकटेपणा आणि रोजची मोजणी

दिवसभर माणसांत असूनही या कामात बोलायला कुणी नसतं. वेगळ्या मालाचे दोन-तीन एजंट, म्हणजे पॅकिंगवाला, फ्रीझरवाला, मसाल्याच्या कंपनीचा, यांच्याशी आठवड्यातून एकदा चहाला बसायची वेळ ठरवा. तुमच्यात स्पर्धा नसते आणि दुकानं तीच असतात. कुठलं दुकान हस्तांतर होतंय, कुणाकडे उधारी अडकतेय, कुठे नवीन गाळा उघडतोय, हे तिथेच कळतं.

रोज संध्याकाळी विक्रीचा आकडा मोजू नका, तो तुमच्या हातात नाही. हातात असतात त्या तीन गोष्टी मोजा: ठरलेल्या किती भेटी झाल्या, किती तक्रारी मिटल्या, आणि दिलेला प्रत्येक शब्द पाळला का. विक्रीचा आकडा महिन्यातून एकदा, तासाच्या कमाईबरोबर बघा.

दर सहा महिन्यांनी यादी चाळा. ज्या दुकानात तीनदा ठरलेली तारीख उलटून गेली, जिथे प्रत्येक वेळी अपमान होतो किंवा जिथे शिक्क्याशिवाय काटा मागतात, ती दुकानं काढून टाका आणि तितकीच नवीन घ्या. डीलरलाही हीच फुटपट्टी लावा. सलग दोन महिने कमिशनचा हिशेब उशिरा आला, किंवा सर्व्हिसची ठरलेली मुदत एका तिमाहीत तीनदा चुकली, तर लेखी कळवा. पुढच्या तिमाहीत फरक पडला नाही तर करारातली ३० दिवसांची नोटीस द्या. त्या ३० दिवसांत प्रत्येक दुकानात स्वतः जाऊन सांगा की आता मशीनची सर्व्हिस कोण बघेल, वॉरंटी कधीपर्यंत आहे आणि पासिंगची तारीख कोणती. तो कागद लिहूनच दुकानदाराच्या हातात द्या.